गाठीचा काठ कोणी आखला?

मेंदूतील गाठीची त्रिमित चित्रे आता इतकी हुबेहूब निघतात की शस्त्रक्रियेच्या टेबलावर काढलेला फोटो कोणता आणि संगणकाने घडवलेले चित्र कोणते, हे चटकन सांगता येत नाही. मेंदूच्या वळ्यांवर ओलसर चकाकी असते, खाचांत सावली साचलेली असते, रक्तवाहिन्या उठून दिसतात आणि या सगळ्याच्या पोटात गाठ बसलेली असते. तिला रंग असतो, पोत असतो आणि मुख्य म्हणजे तिला स्पष्ट काठ असतो. ही चित्रे कशी घडतात, त्यांमागचे गणित काय, ती कुठे उपयोगी पडतात, हे पुढच्या पानांत सविस्तर येईलच. प्रस्तावनेत मला बोलायचे आहे ते त्या काठाविषयी. चित्रातला सर्वांत कमी भरवशाचा भाग बहुधा तोच असतो, आणि चित्र जितके हुबेहूब तितका तो जास्त भरवशाचा वाटू लागतो. म्हणून माझा आग्रह असा की, गाठ दाखवणाऱ्या प्रत्येक त्रिमित चित्राने तिचा काठ कोणी आखला आणि किती खात्रीने आखला, हेही चित्रातच दाखवले पाहिजे. तळटीपेत नव्हे.

गाठ डोळ्यांना दिसणे ही तशी अलीकडची गोष्ट. १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले, पण त्यांत कवटीचे हाड दिसे. आतला मऊ मेंदू सगळा एकसारखा करडा. १९१८ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी या शल्यविशारदाने मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्रे घेतली. १९२७ मध्ये लिस्बनला एगास मोनिझने मेंदूच्या रक्तवाहिन्यांत क्ष-किरण अडवणारे द्रव्य सोडून त्यांचे जाळे फिल्मवर उतरवले. दोन्ही पद्धती रुग्णाला भारी त्रासाच्या, आणि बहुतेक वेळा दोन्हींत गाठ स्वतः दिसतच नसे. पोकळी एका बाजूला सरकली आहे, रक्तवाहिनी वाकली आहे, म्हणजे तिथे काहीतरी आहे, असा तर्क करायचा. तो तर्क आहे याचा विसर कोणाला पडत नसे, कारण चित्रच तसे कबूल करत होते. मग १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याचा संशय असलेली ती स्त्री होती, आणि तिच्या मेंदूतला दोष चित्रात सरळ दिसला. ते चित्र ८० गुणिले ८०, म्हणजे अवघ्या ६,४०० चौकोनांचे होते. चौकोन मोजता येतील इतके भरड. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुस्पंदनातून चित्र मिळवण्याची वाट दाखवली, पुढे एमआरआय आला आणि मऊ ऊतींमधला फरक प्रथमच नीट दिसू लागला. तर्काची जागा दर्शनाने घेतली, असे तेव्हापासून मानले जाते. ते पुरते खरे नाही.

एमआरआय यंत्र चित्र देत नाही, आकडे देते. डोक्याचे बारीक घनाकार तुकडे कल्पायचे आणि प्रत्येक तुकड्यातून आलेल्या संकेताची तीव्रता एका आकड्यात नोंदवायची, एवढेच ते करते. संशोधनासाठी एकसारख्या केलेल्या संचांत असे २४० गुणिले २४० गुणिले १५५, म्हणजे सुमारे ८९ लाख तुकडे असतात. सीटीच्या आकड्यांना निदान ठरलेले माप आहे: पाणी शून्य, हवा उणे एक हजार. एमआरआयच्या नेहमीच्या चित्रांतल्या आकड्यांना तेही नाही. त्याच रुग्णाच्या त्याच ऊतीला दोन यंत्रांवर दोन वेगळे आकडे मिळतात. या आकड्यांतून घनाकृती उभी करण्याची कला १९८० च्या दशकात जमली. जनरल इलेक्ट्रिकमधल्या विल्यम लॉरेन्सन आणि हार्वी क्लाइन यांनी १९८७ मध्ये ‘मार्चिंग क्यूब्ज’ ही रीत मांडली. एक आकडा ठरवायचा, त्याहून जास्त ते आत, कमी ते बाहेर, आणि दोहोंच्या मधून त्रिकोणांची सलग जाळी विणायची. पुढच्याच वर्षी मार्क लेव्हॉय यांनी, आणि ॲनिमेशनपटांमुळे पुढे घरोघरी पोहोचलेल्या पिक्सारच्या मंडळींनी, जाळी न विणता प्रत्येक तुकड्याला कमीजास्त पारदर्शकता देऊन सगळा घनभागच रंगवण्याच्या रीती प्रसिद्ध केल्या. त्यानंतरचा टप्पा सिनेमाच्या तंत्राचा. सीमेन्सच्या क्लाउस एंगेल आणि रॉबर्ट श्नायडर यांनी विकसित केलेल्या ‘सिनेमॅटिक रेंडरिंग’मध्ये प्रकाशाचा एकेक किरण ऊतीत कसा शिरेल, कुठे विखुरेल, कुठे अडेल याचे असंख्य वाटांनी गणित होते. जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांकडून दिल्या जाणाऱ्या तंत्रज्ञान पुरस्कारासाठी २०१७ मध्ये या कामाचे नामांकन झाले होते. आज आपण ज्याला हुबेहूब म्हणतो ते बव्हंशी इथून आले.

तेव्हा रंग, चकाकी, सावली यांतले काहीच यंत्राने मोजलेले नाही. ते माणसाने निवडले आहे. एवढ्यावरून त्या सजावटीला नाके मुरडण्याचे मात्र कारण नाही. सावलीमुळे खोली कळते. धमनी गाठीच्या पुढून जाते की मागून, हे सपाट कापांवर ताडण्यापेक्षा उजेडात फिरणाऱ्या घनाकृतीवर कितीतरी लवकर उमगते, आणि कवटीला खिडकी कुठे पाडायची याचा निर्णय त्यावर सुधारू शकतो. मेंदूच्या आवरणातून उगवणारी मेनिंजिओमा ही गाठ बहुधा मेंदूला ढकलते, त्यात सहसा शिरत नाही. तिला खरोखरीच पृष्ठभाग असतो, आणि तो संगणकात नीट दाखवता येतो. पिट्युटरी ग्रंथीच्या किंवा कानाच्या नसेवरच्या पुष्कळ गाठींबाबतही असेच म्हणता येईल. अशा ठिकाणी त्रिमित चित्राची जेवढी तारीफ होते तेवढी योग्यच आहे. माझी तक्रार सुरू होते ती ग्लायोमापाशी, आणि मेंदूतच उगम पावणाऱ्या घातक गाठींत सर्वाधिक संख्या तिचीच असते.

ग्लायोमा मेंदूत बसत नाही, जमिनीत पाणी मुरावे तशी मुरते. तिच्या पेशी मज्जातंतूंच्या पांढऱ्या दोऱ्यांवरून आणि रक्तवाहिन्यांच्या कडेने दूरवर सरकतात. हे कळायला आधुनिक यंत्रे लागली नाहीत. पोकळ्यांत हवा भरणाऱ्या त्याच डँडीने १९२८ मध्ये एक धाडसी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली होती: ज्यांची डावी बाजू आधीच लुळी पडली होती अशा रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धगोलच त्याने काढून टाकला. अर्धा मेंदू काढूनही रोग उलटला. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये पॅट्रिक केली आणि सहकाऱ्यांनी स्कॅनवर गाठ दिसते तिथून सुरुवात करून बाहेरबाहेरच्या जागांचे सुईने नमुने घेतले, तेव्हा स्कॅनवर चकाकणाऱ्या भागाच्या पुष्कळ पलीकडेही सुट्या गाठपेशी सापडल्या. एक घन मिलिमीटर गाठीत लाखाच्या घरात पेशी मावतात. विरळ पसरलेल्या पेशींमुळे आकड्यात पडणारा फरक यंत्राच्या नेहमीच्या खरखरीत बुडून जातो. काठ धूसर दिसतो तो यंत्र हलक्या प्रतीचे आहे म्हणून नव्हे. काठ मुळात तसाच आहे.

चकाकणाऱ्या भागाचे आणखी एक गौडबंगाल आहे. एमआरआय करताना शिरेतून गॅडोलिनियम हे द्रव्य देतात आणि गाठ पांढरीशुभ्र उजळते. त्रिमित चित्रातला लाल गोळा म्हणजे सहसा हाच भाग. पण गॅडोलिनियम गाठ ओळखत नाही. मेंदू आणि रक्त यांच्यामधली नैसर्गिक भिंत जिथे गळकी झाली असेल तिथे ते झिरपते, बस. कमी प्रतीच्या ग्लायोमात ही भिंत बऱ्याचदा शाबूत असते, मग गाठ असून उजळत नाही. किरणोपचारानंतर उलट घडते: गाठ वाढलेली नसताना उजळणारा भाग वाढतो, आणि काही आठवडे थांबले तर आपोआप ओसरतोही. बेव्हॅसिझुमॅबसारख्या औषधाने गळती बंद होते, उजळलेला भाग झटक्यात आकसतो, पण मुरलेली गाठ आपले काम करतच राहते. अशा तीन रुग्णांची तीन देखणी चित्रे शेजारीशेजारी लावली तर तिन्ही गाठीविषयी चुकीचे सांगतील, आणि तिन्ही सारख्याच आत्मविश्वासाने सांगतील.

शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यांनी दिसेलच की, असे कोणी म्हणेल. नेहमीच्या पांढऱ्या उजेडात तेही दिसत नाही. वॉल्टर स्टुमर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जर्मनीतल्या चाचणीत काही रुग्णांना शस्त्रक्रियेआधी पाच-एएलए हे द्रावण पाजले होते. निळ्या प्रकाशात गाठपेशी त्यामुळे गुलाबी चमकतात. त्या गटात उजळणारा भाग पूर्णपणे निघाल्याचे प्रमाण ६५ टक्के होते. साध्या उजेडात शस्त्रक्रिया झालेल्यांत ३६ टक्के. कसबी हात, सूक्ष्मदर्शक, समोर उघडा मेंदू, आणि तरी हा फरक.

आता हा काठ आखतो कोण, ते जवळून पाहू. पूर्वी रेडिओलॉजिस्ट किंवा त्यांचे सहायक एकेका कापावर माउसने रेघ ओढत. आता ते काम पुष्कळ ठिकाणी शिकवलेले संगणकीय जाळे करते आणि माणूस तपासतो. या कामाची जाहीर परीक्षा २०१२ पासून ‘ब्रॅट्स’ या नावाने होते. तिच्या पहिल्या वर्षांचा अहवाल २०१५ मध्ये आला आणि त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट संगणकाविषयी नाहीच. तज्ज्ञ माणसांनी एकाच स्कॅनवर स्वतंत्रपणे आखलेल्या गाठीच्या भागांचा आपसांतला मेळ गाठीच्या भागानुसार ७४ ते ८५ टक्के होता. मेळ मोजण्याचे जे माप तिथे वापरले त्यात दोन आकृत्या तंतोतंत जुळल्या तर १०० येतात. थोडक्यात, संगणकाला ज्या उत्तरपत्रिकेवरून शिकवायचे तीच परीक्षकागणिक बदलते. या फरकाचे वजन किती, याचा हिशेब कोणीही करू शकेल. ३० मिलिमीटर व्यासाची गोल गाठ धरा. तिचे घनफळ सुमारे १४ घनसेंटिमीटर. काठ सगळीकडून फक्त २ मिलिमीटर बाहेर सरकवला तर ते साडेवीसच्या वर जाते. दोन मिलिमीटरने गाठ जवळजवळ दीडपट झाली! त्यात स्कॅन जाड कापांचा असेल, म्हणजे कापाची जाडी ५ मिलिमीटर आणि मध्ये एक मिलिमीटर मोकळा, तर ही गाठ जेमतेम पाच कापांवर दिसते. उरलेला पृष्ठभाग सॉफ्टवेअर अंदाजाने भरून काढते आणि वर गुळगुळीत करते. त्या गुळगुळीतपणाला आपण वास्तवदर्शी म्हणतो.

याहून चुटपुट लावणारी बाब पुढेच आहे. संगणकीय जाळे मुळात हो किंवा नाही असे उत्तर देत नाही. प्रत्येक तुकडा गाठीचा असण्याची शक्यता ते शून्य ते एक यांच्यामध्ये सांगते. चित्र काढताना ०.५ ही रेघ धरून त्यावरचे सगळे गाठीत आणि खालचे सगळे बाहेर टाकले जाते. ०.५१ आणि ०.९९ यांना एकच लाल रंग मिळतो. यंत्राला आपल्या शंकेविषयी जे काही सांगता येत होते ते चित्र सुंदर करण्याच्या आधीच्या पायरीवर आपण पुसून टाकतो. ब्रॅट्सच्या आयोजकांना याची जाणीव होती. २०१९ आणि २०२० मध्ये त्यांनी अनिश्चितता मोजण्याचे स्वतंत्र आव्हान ठेवले होते. पडद्यावरच्या चित्रांत मात्र तिचा मागमूस क्वचितच लागतो.

यावर पहिला आक्षेप अनुभवी शल्यविशारदांचा असतो: आम्हाला हे ठाऊक आहे, चित्राला आम्ही भुलत नाही. मान्य. पण ते चित्र त्यांच्यापुरते राहत नाही. ते नातेवाइकांना दाखवले जाते, विद्यार्थ्यांना शिकवले जाते, परिषदेच्या पडद्यावर लागते. शिवाय ठाऊक असणे वेगळे आणि ऐन वेळी समोर दिसणे वेगळे. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. शस्त्राला कुठेतरी थांबावे लागते. धूसर ढग दाखवून हात चालत नाही, निर्णयाला रेघ लागते. याचे उत्तर शेजारच्याच विभागाने देऊन ठेवले आहे. किरणोपचारात मिलिमीटरचा हिशेब चालतो, तरी तिथे गाठीला एकच काठ नसतो. किरणोत्सारी मापनावरच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९३ च्या अहवालात तो उलगडून ठेवला: दिसणारी गाठ ही पहिली रेघ, न दिसणाऱ्या पण संभवणाऱ्या पेशींसाठी तिच्या बाहेरची दुसरी, आणि रुग्णाच्या हालचालीसाठी व मांडणीतल्या चुकांसाठी तिसरी. ग्लायोब्लास्टोमा या आक्रमक ग्लायोमात पहिली आणि दुसरी यांच्यात साधारण दीड-दोन सेंटिमीटर अंतर ठेवतात आणि त्या हिशेबाने ६० ग्रे मात्रा ३० बैठकींत देतात. अनिश्चिततेला नाव दिले, रेघ दिली, म्हणून कोणाचे काम अडले नाही. शल्यचिकित्सेच्या चित्रांना हे जमणार नाही असे मानायला मला तरी कारण दिसत नाही. दाट रंग ते विरळ रंग, किंवा एकात एक तीन पारदर्शक कवचे, एवढ्यानेही पुष्कळ काम होईल.

तिसरा आक्षेप तरुणांचा: कृत्रिम बुद्धिमत्ता सुधारत चालली आहे, काही वर्षांत हा प्रश्नच उरणार नाही. माणसांच्या रेघांशी जुळणे हे तिचे यश मोजण्याचे माप आहे, आणि माणसांच्याच रेघा जुळत नाहीत, हे वर आलेच. त्याहून मोठी अडचण अशी की जे स्कॅनमध्ये नोंदवलेच गेले नाही ते कितीही हुशार गणिताला आकड्यांतून निश्चितपणे बाहेर काढता येणार नाही. फार तर ते अधिक शहाणा अंदाज करील. तो हवाच, पण अंदाज म्हणूनच रंगवलेला हवा. गाठीभोवतीच्या मज्जातंतूंच्या रंगीबेरंगी दोऱ्या दाखवणाऱ्या चित्रांचा अनुभव इथे बोलका आहे. २०१७ मध्ये क्लाउस मायर-हाइन आणि अनेक देशांतल्या गटांनी या पद्धती उत्तर आधीच माहीत असलेल्या कृत्रिम मेंदूवर तपासल्या. खऱ्या जुड्यांपैकी बहुतेक सापडल्या, पण अस्तित्वात नसलेल्या जुड्या त्यांहून जास्त निघाल्या. गाठीच्या सुजेने वेढलेल्या खऱ्या मेंदूत काम याहून अवघड.

आणि समजा, काठ अगदी अचूक आखला. कवटी उघडून मेंदूचे आवरण कापले की मेंदूजल वाहून जाते, मेंदू खचतो, कधी फुगतो. पृष्ठभाग सेंटिमीटरभर सरकल्याची मापे प्रसिद्ध आहेत. आदल्या दिवशीचे देखणे चित्र त्या घटकेला जुने झालेले असते. याला उपाय म्हणून बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात १९९० च्या दशकात शस्त्रक्रियागृहातच एमआरआय बसवला गेला. तो खर्च सगळ्यांना झेपणारा नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमधल्या शल्यविशारदांनी शस्त्राची जागा पडद्यावर दाखवणाऱ्या नॅव्हिगेशनला जोडलेल्या त्रिमित अल्ट्रासाउंडचा बराच वापर करून त्यावर शोधनिबंध लिहिले आहेत. ते चित्र दाणेदार आणि खरखरीत असते, सिनेमाच्या उजेडाचा त्यात लवलेशही नाही. पण ते त्या घटकेचे असते. हुबेहूब दिसणे आणि खरे असणे यांतून एकच निवडायची वेळ आली, तर मी दुसऱ्याची बाजू घेईन.

उरतो रुग्णाचा प्रश्न. घाबरलेल्या माणसापुढे अनिश्चितता कशाला मांडायची, असे दयाबुद्धीने विचारले जाते. परंतु ‘गाठ पूर्ण काढली’ हे वाक्य घरच्यांनी लाल गोळा आठवत ऐकलेले असते, आणि काही महिन्यांनी ती पुन्हा दिसली की कोणीतरी काहीतरी लपवले किंवा हलगर्जी केली असा संशय येतो. गोळ्याभोवतीचा विरळ भाग पहिल्याच दिवशी दाखवला असता तर पुढचे किरणोपचार आणि औषधे कशासाठी, हेही न सांगता कळले असते.

हे पुस्तक हाती घेणाऱ्यांत तंत्रज्ञ असतील, वैद्यकाचे विद्यार्थी असतील, आणि घरात कोणाला गाठ निघाली म्हणून शोधत आलेलेही असतील. विद्यार्थ्यांनी ‘थ्रीडी स्लाइसर’ हे १९९० च्या दशकाअखेरीपासून विकसित होत आलेले मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे, एकाच स्कॅनवर सीमेचा आकडा थोडा वरखाली करावा आणि गाठ कशी फुगते-आकसते ते स्वतः पाहावे. घरच्यांनी डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात: काप किती मिलिमीटरचे आहेत, आणि रंगवलेल्या भागाच्या बाहेर किती अंतरापर्यंत गाठ असू शकते. आणखी एक. स्कॅन सेंटरच्या मोठ्या पाकिटात फिल्म आणि रिपोर्टसोबत बहुधा एक सीडी असते. ती नसेल तर मागून घ्यावी. त्रिमित चित्र पुन्हा नव्याने, दुसऱ्या सीमेने बांधायचे तर त्या सीडीतल्या मूळ आकड्यांच्या, म्हणजे डायकॉम, फाइल्सच लागतात, फिल्मवरून किंवा रंगीत प्रिंटवरून ते होत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला जाल तेव्हा ती सीडी बरोबर न्या.